वाचक विचारतात : ‘बाई, मग ते बोलले कशाला?’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ‘सभागृहात विरोधकांनी बोलून उपयोग काय?’ या एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच देतो. 1984 ते 2017 मी गोवा विधानसभेचे वार्तांकन केले. आधी पणजीला मांडवीकाठच्या जुन्या आदिलशाही वाड्यात आणि 2000 पासून पर्वरीला. त्यामुळे उत्तरांत थोडे पुस्तकातले आहे, जास्त पत्रकार कक्षातले.

प्रश्न : मी म्हार्दोळ परिसरातल्या एका हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन पर्वरीला विधानसभा पाहायला गेले होते. एका विधेयकावर विरोधी पक्षाचे आमदार चांगले पंधरा-वीस मिनिटे बोलले. तयारी करून आले होते, हातात कागद होते. समोरची बरीच बाके रिकामी. ते बसले, मंत्र्यांनी थोडक्यात उत्तर दिले आणि ‘आयेज हॅव इट’ (होकार जास्त) म्हणून विधेयक मंजूर. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारले, ‘बाई, मग ते बोलले कशाला?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. तुम्ही काय सांगाल?
— एक शिक्षिका, म्हार्दोळ

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीने जे विचारले ते मी नवखा वार्ताहर असताना माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले होते. तो म्हणाला, ‘भाषण संपल्यावर बातमी पाठवायची घाई करू नकोस. मंत्री काय उत्तर देतो ते आधी लिहून घे.’ याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला.

आधी आकडा बघू. आपल्या सभागृहात 40 आमदार. 14 सप्टेंबर 2022 रोजी काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. त्यानंतर विरोधी बाकांवर सातजण उरले : काँग्रेसचे तीन, आम आदमी पक्षाचे दोन, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्सचा प्रत्येकी एक. सातजणांनी कितीही जोरात ‘नाही’ म्हटले तरी विधेयक पडणार नाही, हे त्या सातांनाही ठाऊक असते. तेव्हा ते विधेयक पाडण्यासाठी बोलत नाहीत, हे मुलीला सुरुवातीलाच सांगा. मग कशासाठी बोलतात? माझ्या मते मंत्र्याला बोलते करण्यासाठी.

कायद्याचा अर्थ पुढे न्यायालयात लावला जातो. के. पी. वर्गीज खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सभागृहातल्या सदस्यांची भाषणे कायद्याचा अर्थ लावताना ग्राह्य धरता येत नाहीत, पण विधेयक मांडणाऱ्याने ते का आणले याविषयी केलेले भाषण मात्र पाहता येते, कारण कोणता दोष दूर करायचा होता ते त्यातून कळते. म्हणजे विरोधी आमदाराचे भाषण कोर्टात चालत नाही, मंत्र्याचे उत्तर उपयोगी पडू शकते. आता तो आमदार विधेयकाच्या एखाद्या खंडाविषयी, म्हणजे कलमाविषयी, नेमका प्रश्न विचारतो, ‘मंत्रीमहोदय, या खंडाखाली गरिबाचे राहते घर येते की नाही, ते स्पष्ट सांगा’, आणि मंत्री उठून म्हणतो, ‘येत नाही.’ हे दोन शब्द कामकाजाच्या नोंदीत गेले. प्रश्न नसता तर ते शब्दही नसते. म्हणून भाषण किती मिनिटे चालले यापेक्षा त्यात उत्तर द्यावेच लागेल असे प्रश्न किती होते ते मी मोजत असे.

एक प्रसंग सांगतो. एका लहानशा दुरुस्ती विधेयकावर खंडवार चर्चा सुरू होती. ही चर्चा म्हणजे विधेयकाचा एकेक खंड घेऊन मत टाकायचे. सहसा ती अशी सरसर जाते की लिहून घेणाऱ्याचे पेन पोचत नाही : खंड दोन, खंड तीन, खंड चार, मंजूर, मंजूर, मंजूर. विरोधी बाकावरचे एक वयस्क आमदार मध्येच उभे राहिले. त्यांच्या हातातल्या प्रतीत पेन्सिलीने एकाच शब्दाभोवती गोल होता. कारवाईआधी अधिकारी संबंधिताचे म्हणणे ‘ऐकू शकेल’ असे त्या खंडात होते. त्यांना ‘ऐकून घेईल’ हवे होते. बास, एवढीच दुरुस्ती. ती आवाजी मतदानाने फेटाळली गेली. पण ती मांडली गेल्यामुळे मंत्र्यांना बोलावे लागले, आणि ‘नियम करताना म्हणणे ऐकण्याची तरतूद ठेवू’ असे त्यांनी सभागृहात सांगितले. काही महिन्यांनी राजपत्रात नियम आले, त्यात ती तरतूद होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या प्रकाराची एक ओळही नव्हती. माझ्याही बातमीत नव्हती, आणि त्याची मला आजही खंत आहे.

कधी मात्र उत्तर मिळायला वर्षे लागतात. तुम्ही अंत्रुजच्या, म्हणजे फोंडा भागातल्या, म्हणून कूळ कायद्याचे उदाहरण देतो. 1964 च्या आपल्या कूळ कायद्याखालचे दावे मामलेदारासमोर चालत. कूळ स्वतः उभे राहून सांगू शकत होते : हे शेत माझ्या आज्याने कसले, हा बांध आम्ही घातला. 2014 च्या दुरुस्तीने हे दावे दिवाणी न्यायालयाकडे नेले आणि नव्या दाव्यांना तीन वर्षांची मुदत घातली. विरोधकांनी आक्षेप घेतला, दुरुस्ती मंजूर झाली. त्यानंतर फोंडा तालुक्यातले एक म्हातारे कूळ आमच्या कार्यालयात आले. कापडी पिशवीत जमिनीचे एक-चौदाचे उतारे, मालकाला दिलेल्या जुन्या खंडाच्या (भाड्याच्या) पावत्या, दोरीने बांधलेली मामलेदाराची समन्से. खुर्चीवर टेकून त्यांनी एवढेच विचारले, ‘भाऊ, म्हजी केस खंय व्हेली?’ केस कुठे नेली ते मी सांगितले. वकील लागेल हेही सांगावे लागले. ते पिशवीचे बंद पुन्हा बांधू लागले आणि बराच वेळ त्यांना गाठ जमेना. 2017 मध्ये आणखी एक दुरुस्ती आली आणि हे अधिकार परत मामलेदारांकडे गेले. महसूल खाते तेव्हा रोहन खंवटे यांच्याकडे होते. 2014 साली ते अपक्ष आमदार म्हणून विरोधी बाकांवर होते. 2014 चे आक्षेप काढून वाचा, आणि 2017 मध्ये काय बदलले ते शेजारी ठेवा. मुलांसाठी याहून चांगला धडा मला सुचत नाही.

तर त्या मुलीला सांगा : ते समोरच्या रिकाम्या बाकांशी बोलत नव्हते. टेबलाशी बसून अक्षर न् अक्षर टिपणाऱ्या प्रतिवेदकाशी बोलत होते, आणि त्याच्यामार्फत ती नोंद पुढे कधीतरी उघडणाऱ्या माणसाशी. पुढच्या वेळी मुलांना नेताना विधेयकाच्या छापील प्रती आधी वर्गात वाचून घ्या. कोणत्या खंडावर कोण उठले एवढे मुलांनी टिपले तरी त्यांना सभागृह वेगळे दिसेल.

प्रश्न : आमच्या आमदारांना निवडून दिले ते बोलण्यासाठी. पण वर्तमानपत्रात फोटो दिसतो तो हौदात, म्हणजे सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरल्याचा नाहीतर सभात्यागाचा. सभात्यागाने कायदा अडतो का?
— एक निवृत्त कर्मचारी, डिचोली

उत्तर : अडत नाही. उलट सभागृह मोकळे मिळते.

तुम्हाला 30 जुलै 2021 आठवत असेल. तीन दिवसांच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस, आणि गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक. 30 वर्षे गोव्यात राहणाऱ्याला ‘भूमिपुत्र’ म्हणायचे, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या, 250 चौरस मीटरपर्यंतच्या त्याच्या राहत्या घराला मालकी मिळण्याचा मार्ग करून द्यायचा, असा त्याचा गाभा. घर कोणाच्या जमिनीत आहे, मूळ मालकाचे काय, कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) काय, 30 वर्षांची गणती कशावरून, एकेका खंडावर तासभर बोलावे असे ते विधेयक. घाईचा निषेध करून विरोधक बाहेर पडले. विधेयक मंजूर झाले.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. लोक खवळले. ‘भूमिपुत्र’ हा शब्दच आमच्या गावडा, कुणबी, वेळीप समाजाला टोचला, कारण तो त्यांचा. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी शब्द वगळण्याचे आणि लोकांच्या सूचना घेण्याचे जाहीर केले. ते विधेयक कायदा झालेच नाही. काहीजण म्हणतात की म्हणजे सभात्याग यशस्वी झाला. मला तसे वाटत नाही. ते रोखले रस्त्यावरच्या लोकांनी. सभागृहाच्या नोंदीत त्या खंडांवर जे आक्षेप असायला हवे होते ते नाहीत. उद्या त्याच धर्तीचे दुसरे विधेयक आले तर कोणते जुने उत्तर मंत्र्यासमोर धरणार?

विरोधकांची बाजूही सांगायला हवी. विधेयक सकाळी हातात आणि संध्याकाळी मंजूर असे होत असेल तर अभ्यास करायचा कधी? सत्ताधाऱ्यांकडे खाते असते, सचिव असतात, कायदा विभाग असतो. विरोधी आमदाराकडे असतो एखादा ओळखीचा वकील आणि एक रात्र. म्हणून विधेयक तपासणीसाठी आमदारांच्या निवड समितीकडे पाठवा ही मागणी त्यांनी कितीही वेळा केली तरी मी तिला अडवणूक म्हणत नाही. पण मागणी फेटाळली तर बाहेर जाऊ नये. बसून, एकेका खंडावर उठून, हरत राहावे. मतविभागणी मागावी, म्हणजे कोणी कुठे मत दिले ते नावानिशी राहते. आवाजी मतदानात नाव राहत नाही. तुमच्या आमदारांना भेटाल तेव्हा गेल्या अधिवेशनात किती खंडांना लेखी दुरुस्ती सुचवली आणि किती वेळा मतविभागणी मागितली, एवढे दोनच प्रश्न विचारा.

प्रश्न : मी वेळीप समाजातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गोव्यातल्या अनुसूचित जमातींना विधानसभेत राखीव जागा देण्याचे विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले असे वाचले. आम्ही इतकी वर्षे वाट पाहिली. विधेयक झाले याचा आनंद आहे. पण त्यावर कोणी काहीच बोलले नाही याचे वाईट वाटते. माझे चुकते का?
— एक विद्यार्थी, केपे

उत्तर : नाही, बाबा, तुझे मुळीच चुकत नाही. मलाही त्या दिवशी वाईट वाटले.

तुझ्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. 2001 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक 566 होते, आणि 2011 मध्ये 1,49,275. माणसे आधीही होतीच. कागदावर ती नव्हती. अनुसूचित जातींची संख्या 25,449, आणि त्यांच्यासाठी पेडणे मतदारसंघ राखीव आहे. दीड लाखाला एकही जागा नाही. ही विसंगती दूर करणारे विधेयक 5 ऑगस्ट 2024 रोजी लोकसभेत मांडले गेले, वर्षभर पडून राहिले, आणि 5 ऑगस्ट 2025 रोजी गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाले. 11 तारखेला राज्यसभेतही झाले. गदारोळ होता तो बिहारच्या मतदार याद्यांवरून.

मतदार याद्यांचा प्रश्न क्षुल्लक होता असे मी म्हणणार नाही. त्यावर सरकार चर्चेला तयार नव्हते, आणि विरोधकांनी दुसरा मार्ग कोणता धरायचा? तरीही त्या दिवशी विषय दीड लाख गोवेकरांचा होता. राखीव जागा प्रत्यक्षात कोणत्या निवडणुकीपासून लागू होणार? लोकसंख्येचा आकडा कोणत्या दिवसाचा धरणार? मतदारसंघांच्या सीमा बदलताना केपे, सांगे, काणकोणच्या वाड्यांना कोण विचारणार? हे प्रश्न विधेयकाला पाठिंबा देऊनही विचारता आले असते. विरोधी बाकावर बसले म्हणजे विरोधच करायचा असे थोडेच आहे? चांगल्या विधेयकाला अधिक घट्ट करणे हेही त्यांचेच काम, आणि मला तर ते जास्त महत्त्वाचे वाटते. मंत्र्यांनी सभागृहात तारीख सांगितली असती तर आज तुझ्या हातात ते वाक्य असते.

तू बी.ए.ला आहेस. हे तीन प्रश्न लिहून आपल्या खासदाराला पाठव. विधेयकावर बोलायचे राहिले तरी पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते.

प्रश्न : दर शुक्रवारी आमदार खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके, मांडतात आणि मंत्री ती मागे घ्यायला लावतात. हा वेळ वाया जात नाही का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मंजुरी मोजली तर वाया. स्वातंत्र्यापासून संसदेत फक्त 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले, आणि शेवटचा 1970 साली. पण दोन गोष्टी माझ्या पिढीच्या लोकांना विसरता येत नाहीत.

पहिली बॅरिस्टर नाथ पै यांची. वेंगुर्ल्याचा हा माणूस 1957 पासून राजापूरचा खासदार, प्रजा समाजवादी. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला, की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. दोन महिनेही झाले नव्हते तोच नाथ पै यांनी संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी विधेयक आणले. ते संयुक्त समितीकडे गेले, देशभर त्यावर वाद झाला, आणि 1970 च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाल्यावर ते संपले. जानेवारी 1971 मध्ये नाथ पैही गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी सरकारने 24 वी घटनादुरुस्ती केली. तिचा आशय तोच होता.

दुसरी आपल्या घरातली. जुलै 1985 मध्ये लुइझिन फालेरो हे गोवा काँग्रेस या वेगळ्या पक्षाचे, म्हणजे विरोधी आमदार. त्यांनी कोकणी राजभाषा व्हावी म्हणून खासगी विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मी मराठीचा माणूस, मराठीवरच जगलो. ते फेटाळले गेले तेव्हा मला बरे वाटले होते, हे लपवत नाही. पण त्या नकारातून बाहेर जे आंदोलन पेटले ते थांबले नाही, आणि 4 फेब्रुवारी 1987 रोजी सरकारनेच राजभाषा विधेयक आणून मंजूर केले : देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा, आणि मराठीचाही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी वापर. ही मराठीची तरतूद आली तीही मराठीवाद्यांनी सभागृहात आणि बाहेर धरलेल्या आग्रहामुळे. त्या एका वाक्यातल्या ‘किंवा’वर आम्ही अजून भांडतो. ‘सर्व’ की ‘कोणत्याही’? कोण ठरवणार? त्या खंडावर त्या दिवशी आणखी तासभर चर्चा झाली असती तर, असे मला अनेकदा वाटते.

याच पत्रात तुम्ही विचारले आहे की विधेयके इंग्रजीतच का. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 प्रमाणे विधेयकाचा अधिकृत पाठ, वेगळी तरतूद केली नसेल तर, इंग्रजीत असतो. आमदार सभागृहात कोकणी, मराठीत बोलतात. मजकूर इंग्रजीच राहतो. विधेयके विधानसभेच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळतात. इंग्रजीचे दडपण येत असेल तर शेवटी जोडलेले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आधी वाचा. ते पान-दीड पानाचे असते. मग मूळ खंड उघडा आणि सांगितलेला उद्देश त्यात खरोखर दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर खंडाचा क्रमांक आणि आक्षेप एका कागदावर, चार ओळींत लिहून आमदाराला द्या. लांब पत्र नको. अधिवेशनाच्या आदल्या रात्री ज्याच्या टेबलावर दहा विधेयके पडली आहेत त्याला चार ओळीच वाचता येतात, आणि सकाळी उभे राहून त्या तशाच विचारता येतात.